कात टाकणाऱ्या वस्तीतला कॉकटेल बार: संध्याकाळ कशी आखावी

जुन्या गॅरेजच्या, छापखान्याच्या किंवा गोदामाच्या जागेत कॉकटेल बार उघडतो, तेव्हा त्याच्या वरच्या मजल्यावर बहुधा कोणीतरी वीस-तीस वर्षं राहत असतं. एवढं ध्यानात ठेवलं तरी संध्याकाळचे अर्धे निर्णय सोपे होतात: किती वाजता जायचं, किती जणांनी जायचं, बाहेर कुठे उभं राहायचं, परतीची गाडी कुठे बोलवायची. उरलेले निर्णय ग्लासातल्या अल्कोहोलच्या हिशेबाचे. खाली दोन्हींबद्दल लिहिलं आहे, कारण हिशेब चुकला की गल्लीतलं वागणंही चुकतंच.

अशा वस्तीसाठी 'जेंट्रिफिकेशन' हा शब्द रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनबद्दल लिहिताना वापरला. कामगारांच्या वस्तीत मध्यमवर्ग येतो, घरं दुरुस्त होतात, भाडी चढतात आणि हळूहळू मूळचे लोक बाहेर पडतात, असा त्याचा अर्थ. यात बार बरेचदा लवकर येतो, कारण त्याला रिकामी जागा आणि कमी भाडं हवं असतं. पुढे त्याच बारमुळे गल्लीचं नाव होतं आणि भाडं वाढतं. शेवटी कधीकधी बारलाच ते परवडेनासं होतं.

या प्रकारच्या बारचा आजचा साचा बऱ्याच अंशी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये घडला. साशा पेट्रास्के यांनी १९९९ च्या अखेरीला तिथे 'मिल्क अँड हनी' उघडला. बाहेर पाटी नव्हती, आत बसण्याच्या जागा मोजक्या होत्या आणि ग्राहकांसाठी नियम लिहून लावले होते. आरडाओरडा करायचा नाही. दारासमोर रेंगाळायचं नाही. निघताना झटपट आणि गुपचूप निघायचं, कारण लोक झोपलेले असतात. जगभरच्या बारांनी त्या बारचं मोजमाप उचललं, मोठा बर्फ उचलला, मंद दिवे उचलले. शेजाऱ्यांविषयीचे नियम मात्र फार थोड्यांनी उचलले. आमच्या मते ते नियम त्या बारमधल्या कुठल्याही कॉकटेलइतकेच महत्त्वाचे होते.

जागा आणि वेळ

आठवड्याच्या मधला दिवस निवडा आणि बार उघडल्यापासून पहिल्या तासाभरात पोचा. यामागे साधं गणित आहे. बारटेंडरला एक कॉकटेल नीट बनवायला दोन ते चार मिनिटं लागतात. रात्री दहाला चाळीस लोक आत असतील आणि काउंटरमागे दोघंच असतील, तर तुमचा ग्लास यायला वीस मिनिटं लागणारच. घाई झाली की आधी बर्फाकडे दुर्लक्ष होतं, मग ढवळण्याचा वेळ कमी होतो, शेवटी माप डोळ्यांनी होऊ लागतं. संध्याकाळी सातला तोच माणूस तेच कॉकटेल जास्त चांगलं देतो. शिवाय तेवढ्या लवकर गेलात तर गल्ली उजेडात दिसते. कोणती दारं घरांची आहेत, वळण कुठे आहे, मोठा रस्ता किती पावलांवर आहे हे तेव्हाच पाहून ठेवा. रात्री उपयोगी पडतं.

माणसं दोन ते चार. काउंटरवर बसायचं तर दोन किंवा तीनच, कारण चौथ्याला बोलणं ऐकू येत नाही आणि मग सगळ्यांचाच आवाज चढतो. सहा किंवा जास्त असाल तर आधी फोन करून टेबल सांगा, आणि पोचल्यावर सगळ्यांची ऑर्डर एकदम द्या. सहा जणांनी सहा वेगवेगळ्या वेळी ऑर्डर दिली तर बारटेंडर सहा वेळा तीच बाटली उचलतो आणि तुमच्यातलं कोणीतरी कायम रिकाम्या हाताने बसलेलं राहतं. मोठ्या गटाने दोन-तीन प्रकारांत भागवावं. एकाच प्रकारची दोन-तीन ड्रिंक एकाच शेकरमधून निघू शकतात.

बुकिंग करताना तीन गोष्टी विचारून घ्या: टेबल किती वेळासाठी आहे, उशीर झाला तर किती मिनिटं राखून ठेवतात, आणि खायला काय मिळतं. जुन्या इमारतीत अरुंद जिना, उंच उंबरठा, तळघरातलं स्वच्छतागृह हे नेहमीचं असतं. सोबत कोणाला चालायला त्रास असेल तर तेही फोनवरच विचारा, दारात उभं राहून नव्हे.

जेवण आधी, आणि त्याच वस्तीत

रिकाम्या पोटी प्यायलेलं अल्कोहोल जठरात थांबत नाही. ते झटकन लहान आतड्यात उतरतं आणि तिथूनच बहुतेक सगळं रक्तात शोषलं जातं. पोटात अन्न असेल, विशेषतः स्निग्ध आणि प्रथिनं असलेलं, तर जठराचं दार उशिरा उघडतं आणि रक्तातली पातळी हळू चढते, कमी उंचीवर थांबते. म्हणून बारमधल्या बशीभर खारवलेल्या दाण्यांवर विसंबू नका. तासभर आधी नीट जेवा. खारट खाण्याने तहान लागते आणि तहान कॉकटेलने भागवली जाते, हा वेगळा तोटा.

जेवायला त्याच वस्तीतली जुनी खानावळ निवडा. बार येण्याआधीपासून जी चालते आहे, ती. गल्लीत बाहेरून आलेला पैसा फक्त नव्या दुकानांत जात राहिला तर जुनी दुकानं भाडेवाढीला तोंड देऊ शकत नाहीत. तुमच्या एका जेवणाने भाडं भरलं जाणार नाही हे खरं, पण बारला येणाऱ्या प्रत्येकाने तेवढं केलं तर फरक पडतो. तिथे ग्राहक म्हणून जा, वस्तू बघायला आल्यासारखं नको. माणसांचे, दारांचे, दोरीवरच्या कपड्यांचे फोटो न विचारता काढू नका. आणि एक वाक्य तोंडून येऊ देऊ नका: "पूर्वी इथे काहीच नव्हतं." तिथे माणसं होती, कामं होती, दुकानं होती. बारच्या भिंतीवर सजावट म्हणून टांगलेली जुनी हत्यारं कोणाच्या तरी हातातली होती.

काउंटरवर काय पाहावं

जागा मिळत असेल तर काउंटरवरच बसा. कॉकटेल बार चांगला आहे की नुसता देखणा, ते पाच मिनिटांत तिथेच कळतं.

पहिली खूण मापाची. बारटेंडर जिगर वापरतो का? जिगर म्हणजे दोन्ही बाजूंना तोंड असलेलं धातूचं छोटं माप. आंबट कॉकटेलमध्ये साधारण ६० मिली दारू, २० ते २५ मिली लिंबाचा रस आणि तेवढाच साखरेचा पाक असतो. इथे ५ मिली इकडेतिकडे झालं तरी चव कलंडते. अंदाजाने ओतणारा हात रोज सारखा नसतो.

दुसरी खूण बर्फाची. कॉकटेलमध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी हा घटकच आहे. तयार ग्लासात पाव ते तिसरा हिस्सा तेच असतं. बर्फ खणखणीत, कोरडा आणि मोठ्या चौकोनी तुकड्यांचा असेल तर पाणी किती उतरेल हे बारटेंडरच्या हातात राहतं. भांड्यात पडून ओला झालेला, कडा गोल झालेला बर्फ असेल तर त्याच्या अंगावरचं पाणी आधीच ग्लासात जातं आणि ड्रिंक थंड होण्याआधी पातळ होतं.

रस, दूध, मलई किंवा अंड्याचा पांढरा भाग असलेलं कॉकटेल शेक करतात, नुसत्या दारू आणि व्हर्मुथचं (वनस्पती-मसाल्यांची चव दिलेल्या वाइनचं) ढवळतात. शेक करायला १० ते १२ सेकंद पुरतात. नीट ऐकलंत तर सुरुवातीचा बर्फाचा टणक खडखडाट हळूहळू मऊ, ओलसर होत जातो आणि धातूच्या डब्यावर बाहेरून पांढरं दव धरतं. बोटं चिकटतील इतका तो गार पडतो, तेव्हा आतलं द्रव शून्याच्या खाली गेलेलं असतं. अल्कोहोलमुळे ते गोठत नाही. ढवळायला २० ते ३० सेकंद लागतात. चमच्याची पाठ ग्लासाच्या काचेला टेकून फिरते, बर्फ एकसंध गिरकी घेतो आणि आवाज जवळजवळ होत नाही. मग बारटेंडर स्ट्रॉने एक थेंब उचलून चाखतो. असा चाखणारा माणूस दिसला की निश्चिंत व्हा.

तिसरी खूण बाटल्यांच्या जागेची. व्हर्मुथ ही वाइन आहे. बाटली उघडली की ती फ्रिजमध्ये हवी. उघड्या फळीवर दिव्याखाली धूळ खात असलेलं व्हर्मुथ दिसलं तर त्या बारमध्ये मॅनहॅटन किंवा मार्टिनी मागवू नका, आंबट किंवा सोडा घातलेलं काही घ्या.

नवीन बारची परीक्षा घ्यायची तर डायकिरी मागवावी. रम, लिंबू, साखर, बस. लपायला जागाच नाही. रस सकाळचा शिळा असेल तर जिभेवर बोथट कडवटपणा येतो, पाक जास्त असेल तर ओठ चिकटतात, बर्फ वाईट असेल तर तिसऱ्या घोटापर्यंत चव विरते.

मेनू आणि ऑर्डर

मेनूवर नावं कितीही वेगळी असली तरी बहुतेक कॉकटेलं चार-पाच घराण्यांत बसतात. सगळ्यात जुनं घराणं म्हणजे दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे थेंबाथेंबाने घालायचा वनस्पतींचा कडवट अर्क. १८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने 'कॉकटेल' या शब्दाचा अर्थ नेमका असाच छापला होता. आज त्याला ओल्ड फॅशन्ड म्हणतात. दुसरं आंबट घराणं: डायकिरी, मार्गरिटा, व्हिस्की सावर. तिसरं दारू आणि व्हर्मुथचं: मार्टिनी, मॅनहॅटन, आणि जिन, कडवट लाल मद्य कांपारी व गोड व्हर्मुथ समान मापात घेतलेली निग्रोनी. चौथं उंच ग्लासातलं, सोडा किंवा टॉनिक घातलेलं. पाचवं स्पार्कलिंग वाइनचं.

न ओळखीचं नाव दिसलं की घटकांची यादी वाचा आणि ते कोणत्या घराण्यातलं आहे एवढंच शोधा. लिंबू दिसलं, तर आंबट. व्हर्मुथ आणि दारू आहे पण रस नाही, तर कडक आणि छोटं. मग बाकीची पानं-फुलं, धूर, मसाला हे त्यावरचे दागिने. दागिने पाहून नव्हे, घराणं पाहून मागवा. पश्चात्ताप कमी होतो.

मेनूबाहेरचं हवं असेल तर "काहीतरी मस्त बनवा" एवढंच सांगून बारटेंडरला अंधारात ढकलू नका. चार गोष्टी सांगा: कोणती दारू चालते, आंबट हवं की कडक, काय अजिबात आवडत नाही, आणि याआधी आवडलेलं एक कॉकटेल. तेवढ्यावर चांगला बारटेंडर नेम साधतो. २००५ च्या सुमारास बारटेंडर सॅम रॉस यांनी 'मिल्क अँड हनी'मध्ये स्कॉच, लिंबू, मध आणि आलं घेऊन 'पेनिसिलिन' बनवलं, ते याच आंबट घराण्यातलं. गर्दीच्या वेळी मात्र मेनूबाहेरची फर्माईश टाळा.

क्रम कसा ठेवावा यावर लोकांची मतं वेगळी आहेत. बरेच जण हलक्यापासून कडकाकडे जातात. चवीच्या दृष्टीने ते ठीक, पण मग सगळ्यात कडक ग्लास नेमका तेव्हा हातात येतो जेव्हा तारतम्य सगळ्यात कमी असतं. आमचा आग्रह वेगळा आहे: पहिलं उंच आणि हलकं, दुसरं मनापासून हवं असलेलं कडक, आणि तिसरं घेतलंच तर पुन्हा हलकं, उदाहरणार्थ व्हर्मुथ आणि टॉनिक. धुराची चव असलेली मेस्काल ही मेक्सिकन दारू किंवा फार कडवट काही असेल तर ते शेवटाकडे ढकला, कारण त्यानंतर नाजूक चवी लागत नाहीत.

आधी विचारून घ्यायच्या गोष्टी

इथे कानाडोळा करू नये. कॉकटेलमध्ये काय काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

वर दाट पांढरा फेस असेल तर तो बहुधा अंड्याच्या पांढऱ्या भागाचा असतो. शाकाहारी असाल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर बदल मागा. पुष्कळ बार काबुली चणे शिजवल्यावर उरलेलं पाणी वापरून तसाच फेस आणतात. पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं मिल्क पंच हे दूध फाडून, गाळून केलेलं असतं. साय आणि चोथा निघून जातो, पण दुधातली काही प्रथिनं त्या नितळ द्रवात राहतात. दुधाची ॲलर्जी असेल तर ते धोक्याचं. 'फॅट वॉश' असं लिहिलेलं असेल तर दारूत आधी कुठली तरी चरबी मुरवून, गोठवून, गाळून काढलेली असते. ती लोण्याची असू शकते, खोबरेल असू शकते, बेकनचीही असू शकते. ब्लडी मेरीत पडणाऱ्या वूस्टरशर सॉसमध्ये बहुतेक वेळा मासे असतात. ऑर्झा नावाचं पांढरं सिरप बदामाचं असतं.

औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच विचारा. दारूचा संबंध आहेच, पण त्याखेरीज ग्रेपफ्रूटचा रस कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचा परिणाम वाढवतो, आणि काळ्याकुट्ट दिसणाऱ्या ड्रिंकमधला ॲक्टिव्हेटेड चारकोल पोटातलं औषध स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे घेतलेली गोळी लागू पडत नाही. गर्भनिरोधक गोळीच्या बाबतीतही हे खरं आहे.

ग्लासातून थंड वाफ उसळत असेल तर ती पूर्ण थांबेपर्यंत ओठ लावू नका. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर शहरात एका मुलीने तिच्या अठराव्या वाढदिवसाला असं ड्रिंक प्यायलं आणि जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना तिचं जठर काढावं लागलं. कोरड्या बर्फाचा तुकडा तळाशी दिसत असेल तरी हेच.

न पिणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. बिनअल्कोहोलच्या कॉकटेलमध्येही चवीला बिटर्सचे दोन-चार थेंब टाकण्याची पद्धत आहे आणि अंगोस्टुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. थेंबांनी नशा चढत नाही, पण ज्यांना एक थेंबही नको त्यांनी "बिटर्सशिवाय" असं स्पष्ट सांगावं. आणि सोबत्याने का पीत नाहीस असं विचारू नये. ग्लास त्यालाही तेवढाच देखणा मिळायला हवा, चांगले बार तो देतातच.

ग्लासातला हिशेब

कॉकटेल एक म्हणून मोजलं की गणित फसतं, कारण एका ग्लासात दीड-दोन जणांची दारू असू शकते. मिलीला टक्क्यांनी गुणा, शंभराने भागा, मग ०.७९ ने गुणा. येतात ते शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. ४० टक्क्यांची ६० मिली दारू म्हणजे २४ मिली अल्कोहोल, म्हणजे १९ ग्रॅम.

या मापाने ३३० मिलीची ५ टक्क्यांची बिअर १३ ग्रॅमची. ४५ मिली व्हिस्की आणि सोडा १४ ग्रॅम. ९० मिली स्पार्कलिंग वाइन आणि ६० मिली आपेरोल या सौम्य कडवट मद्याचं स्प्रिट्झ सुमारे १३. डायकिरी १९. समान मापाची निग्रोनीही १९ च्या आसपास, दिसायला लहान असली तरी. ६० मिली व्हिस्की आणि ३० मिली व्हर्मुथचा मॅनहॅटन २३. पाच बाटल्यांतून १५-१५ मिली घेतलेली लाँग आयलंड आइस्ड टी २४ च्या घरात, आणि ती सरबतासारखी लागते हाच तिचा धोका. व्हर्मुथ आणि टॉनिक मात्र ८ ग्रॅममध्ये आटोपतं.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकालात काढतं. माणसागणिक फरक असतो, पण कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, वारा यातल्या कशानेही त्याचा वेग वाढत नाही. म्हणजे एका मॅनहॅटनला अडीच-तीन तास. वर पोटातून रक्तात पोचायला अर्धा ते दीड तास लागतो, म्हणून दुसरं कॉकटेल मागवताना जे वाटतं ते पहिल्याच्याही पूर्ण परिणामाचं नसतं. तिसरं मागवण्याआधी वीस मिनिटं थांबा आणि त्या वेळात पाण्याचा एक पूर्ण ग्लास संपवा. पाण्याने नशा उतरत नाही. पण तहान भागते आणि हाताला चाळा राहतो, म्हणून पुढचा ग्लास उशिरा येतो. एनर्जी ड्रिंक घातलेलं काही घेऊ नका. त्याने झोप उडते, नशा तशीच राहते आणि माणसाला आपण ताळ्यावर आहोत असं वाटतं.

काही बिघडलं तर

ड्रिंक आवडलं नाही तर दोन घोटांतच सांगा. "जरा गोड लागतंय, लिंबू वाढवाल का?" एवढं पुरतं. फार गोड असलेलं सुधारता येतं, फार पातळ झालेलं नाही, ते नव्याने बनवावं लागतं. अर्धा ग्लास संपवून तक्रार करणं बारटेंडरवर अन्याय आहे. आणि घटक वाचून मागवलेलं ड्रिंक जसं लिहिलं तसंच आलं, फक्त आपल्याला रुचलं नाही, तर पैसे आपले.

मार्टिनी, मॅनहॅटनसारखं ढवळलेलं कॉकटेल बहुधा छोट्या थंड ग्लासात येतं, त्यात बर्फ नसतो. दहा-पंधरा मिनिटांत ते कोमट होऊ लागतं आणि दारूचा झोंबरा वास वर येतो. फोटो, गप्पा यांत ते पडून राहिलं तर दोष बारचा नाही. हळू पिणाऱ्यांनी मोठ्या बर्फावरचं मागवावं.

ग्लास सोडून उठायचं तर सोबत्याच्या ताब्यात द्या. कोणी अनोळखी माणूस त्रास देत असेल तर बारटेंडरला थेट सांगा, तेही त्याचं काम आहे. आणि सोबतचा कोणी हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा मध्येच थांबत असेल, त्वचा गार आणि निळसर पडली असेल, तर "झोपू दे, उतरेल" म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा, आपत्कालीन क्रमांकावर फोन करा, एकटं सोडू नका. उलटी श्वासनलिकेत गेली की माणूस गुदमरतो, आणि पाठीवर झोपलेल्यांच्या बाबतीत हे जास्त घडतं.

बिल मागताना सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का ते पाहा. काही बार सुरुवातीला कार्ड ठेवून घेतात आणि रक्कम अडकवून ठेवतात. निघण्याआधी खातं बंद केलंय ना, हे विचारा. गटाचं बिल कसं वाटायचं ते पहिल्या ग्लासाआधी ठरवा, नाहीतर टॉनिक पिणारा नेहमी मॅनहॅटनवाल्यांचे पैसे भरतो.

दाराबाहेर

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नगररचनेच्या नियमांत एक तत्त्व आणलं: जो नंतर येतो त्याने आवाजाचा बंदोबस्त करायचा. जुन्या संगीताच्या ठिकाणाशेजारी नवी घरं आली तर बांधणाऱ्याने भिंती जाड कराव्यात. हे न्याय्य आहे. पण बारचा मालक भिंतीला जे काही लावेल त्याने आतला आवाज अडतो. दाराबाहेर उभ्या ग्राहकांचा आवाज कशानेच अडत नाही. तो थेट खिडक्यांतून आत जातो.

आणि तो मोठा का होतो यालाही कारण आहे. दोन-तीन तास गोंगाटात बसल्यावर कान तात्पुरते मंदावतात. बाहेर शांतता असते, पण आपण अजून आतल्याच पट्टीत बोलत असतो, आणि दारूमुळे ते लक्षात येत नाही. अरुंद गल्लीत दोन्ही भिंतींवरून तो आवाज उसळून वर चढतो. म्हणून निरोप, मिठ्या, उद्याचे बेत हे सगळं आतच उरका. कोट, पिशवी, चार्जर तपासणंही आतच. गाडी आतूनच बोलवा, आणि ठिकाण म्हणून बारचं दार नव्हे तर मोठ्या रस्त्यावरचा चौक द्या. गल्लीत आलेली गाडी वळायला जागा नसल्याने मागे-पुढे करते, मागचा हॉर्न वाजवतो, आणि वरती एखादं लहान मूल जागं होतं. गाडी दोन मिनिटांवर आली की उठा, दारातून बाहेर पडा आणि बोलणं बंद ठेवून चौकापर्यंत चाला.

सिगारेट ओढायची तर बारने नेमून दिलेल्या जागीच, थोटकं राखदाणीत. कोणाच्या पायरीवर बसू नका. ग्लास घेऊन गल्लीत येऊ नका, फुटलेली काच सकाळी अनवाणी पायांना लागते.

स्वतःची गाडी घेऊन जाऊच नका. परतीचं तर झालंच, पण दुसऱ्या सकाळचाही हिशेब करून ठेवा. साडेसातला सुरुवात करून व्हिस्की-सोडा, मॅनहॅटन आणि व्हर्मुथ-टॉनिक घेतलं तर एकूण ४५ ग्रॅम होतात. तासाला ७ ग्रॅमच्या वेगाने ते पहाटे दोनच्या सुमारास संपतात. त्याच वेळेत तीन मॅनहॅटन घेतले असतील तर जवळपास ७० ग्रॅम, म्हणजे पहाटे साडेपाच. चौथा घेतला असेल तर सकाळी आठला ऑफिसला निघताना गाडीची किल्ली घरीच राहू द्या.